शब्दचर्चा : हेतू, उद्देश, डाव, नियत – वादग्रस्त नेत्याबद्दल बोलताना कुठला शब्द?

टिळकवाडीकर

बेळगावात एकाच नेत्याची बातमी दोन भाषांतून घरात येते. कन्नड मजकुरात ‘दुरुद्देश’ असतं, ते मराठीत कधी ‘वाईट हेतू’ होतं, कधी ‘डाव’, तर कधी थेट ‘कारस्थान’. मूळ लिहिणाऱ्याने जेवढा आरोप केला तेवढाच मराठीत उतरायला हवा. १९८३ ते १९८८ या काळात कर्नाटकाचे मुख्यमंत्री असलेल्या रामकृष्ण हेगडे यांच्यासारखं नाव असलं की हे फार अवघड जातं, कारण त्यांच्याबद्दल शेजारशेजारच्या दोन घरांत दोन टोकांची मतं असतात. हेतू, उद्देश, इरादा, मनसुबा, डाव, कावा, नियत, दानत यांत नेमका फरक काय? आणि न्यायाने बोलायचं तर कुठला शब्द वापरावा?

खानापूरकर

‘हेतू’पासून सुरुवात करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. संस्कृतात हेतू म्हणजे आधी कारण. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, ‘डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो’ यातला धूर हा हेतू. हेत्वाभास म्हणजे कारणासारखं दिसणारं पण कारण नसलेलं. मराठीत मात्र आज हेतू म्हणजे मनात धरलेली गोष्ट. दोन्ही अर्थ शब्दाच्या पोटात राहिल्यामुळे निर्णयामागचं कारण आणि निर्णय घेणाऱ्याच्या मनातली इच्छा आपण एकच समजून बसतो.

हेगडे यांचंच उदाहरण घ्या. कन्नडला शाळेत पहिलं स्थान द्यावं, असं सुचवणारा गोकाक समितीचा अहवाल १९८१ चा आणि त्यासाठीचं मोठं आंदोलन १९८२ चं. हेगडे मुख्यमंत्री झाले जानेवारी १९८३ मध्ये. म्हणजे दबाव त्यांच्या आधीपासून होता. हे झालं कारण. त्या दबावापुढे ते नाइलाजाने झुकले, मनापासून पटलं म्हणून गेले, की त्यात मतांचा हिशोब होता, हा हेतूचा प्रश्न, आणि तो कारण सांगून सुटत नाही. ‘हेगडे यांच्या भाषाधोरणाचं कारण’ असं लिहायला गोकाक अहवाल पुरेसा आहे. ‘हेतू’ लिहायचा तर आणखी पुरावा हवा.

बाकीचे शब्द थोडक्यात. उद्देश म्हणजे जाहीर करता येण्याजोगं ध्येय. संस्थेच्या घटनेत ‘उद्देश’ असतात, ‘हेतू’ क्वचितच. इरादा अरबी, त्यात कृती करायचीच हा निर्धार आहे. मनसुबाही अरबी, बुद्धिबळात मांडून ठेवलेल्या पेचाला मन्सूबा म्हणत, त्यामुळे त्यात आखणी आली. डाव खेळातला, त्याला समोर प्रतिस्पर्धी लागतो. घोडा गोलाकार फिरवण्यालाही कावा म्हणत. समोरच्याला चकवणं हा त्याचा गाभा. म्हणून ‘कन्नड वाढावी हा उद्देश’ आणि ‘मराठी संपवण्याचा डाव’ ही एकाच निर्णयाची दोन वर्णनं असली, तरी दुसऱ्यात तीन जास्तीचे आरोप आहेत : प्रतिस्पर्धी ठरवला होता, आखणी होती आणि ती लपवली होती. तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो.

निपाणीकर

कन्नडमधून घेताना पाय कुठे घसरतो ते सांगते.

‘पितूरि’ हा कन्नड शब्द आपल्या ‘फितुरी’चा सख्खा भाऊ, पण अर्थ बदललेला. कन्नडमध्ये पितूरि म्हणजे कट. मराठीत फितुरी म्हणजे आपल्या माणसाने शत्रूला जाऊन मिळणं. विरोधकांनी ‘पितूरि’ केली असं कन्नड बातमीत असेल आणि मराठीत ‘फितुरी’ उतरलं, तर विरोधक एकाएकी घरभेदी ठरतात. तिथे ‘कट’ लिहा.

‘नियत्तु’ म्हणजे कन्नडमध्ये इमान, प्रामाणिकपणा. कुत्र्याच्या इमानालाही हाच शब्द. मराठीत ‘नियत’ म्हणजे मनातला इरादा, तो चांगला किंवा वाईट असू शकतो. म्हणून ‘नियत्तु नाही’ याचं मराठी ‘इमान नाही’. ‘नियत खराब’ म्हटलं तर आरोप दुसराच होतो. त्यात संस्कृत ‘नियत’ म्हणजे ठरलेलं, जसं नियतकालिक. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

‘उद्देशपूर्वक’ म्हणजे मुद्दाम. मराठीत तसंच ठेवलं तर उदात्त वाटतं. बोलीत कन्नड माणूस ‘बेकंत’ म्हणतो : बेकु म्हणजे हवं, अंत म्हणजे म्हणून. आपल्याकडचं ‘तो मुद्दाम करूलालाय’ हे त्याच्या अगदी जवळचं.

खानापूरकर

निपाणीकरताई, तुमचा ‘अंत’ फार महत्त्वाचा. मराठी ‘म्हणून’ आणि कन्नड ‘अंत’ किंवा ‘एंदु’ एकाच घडणीचे आहेत. दोन्हींचा मूळ अर्थ ‘असं बोलून’. आता ही दोन वाक्यं बघा.

‘मराठी शाळा बंद पडल्या म्हणून पालक रस्त्यावर आले.’ इथे म्हणून कारण दाखवतं.

‘मराठी शाळा बंद पडाव्यात म्हणून सक्ती केली.’ इथे क्रियापद ‘पडाव्यात’ झालं आणि तेच ‘म्हणून’ इच्छा दाखवू लागलं. शब्दशः पाहिलं तर आपण नेत्याच्या तोंडी वाक्य घातलं : ‘शाळा बंद पडाव्यात’ असं म्हणून त्याने सक्ती केली. हे वाक्य तो कधी बोलला होता का, कुठे लिहिलेलं सापडतं का, हे तपासल्याशिवाय ‘-आवा म्हणून’ची रचना वापरू नये. तपासायला वेळ नसेल तर ‘सक्ती केली, त्यामुळे शाळांवर असा परिणाम झाला’ असं लिहावं. बातमी तशीच राहते, आणि परिणाम खोटा असेल तर तो आकड्यांनी खोडून काढता येतो. ‘जेणेकरून’चंही तसंच; तो शब्द परिणामाला गुपचूप हेतू बनवतो.

हिंडलगेकर

मला ही सगळी काळजी नेत्याच्या बाजूने झुकलेली वाटते. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली, हिंडलग्याला हुतात्मा स्मारक उभं आहे. तिथे उभं राहून मुख्यमंत्र्याच्या मनात काय होतं हा प्रश्न विचारायचा कशाला? ज्यांचं घर गेलं त्यांना परिणाम पुरेसा आहे.

शहापूरकर

हिंडलगेकर, तुमचा मुद्दा पूर्ण खरा आहे आणि त्यासाठी भाषेत वेगळा शब्द आहे : जबाबदारी. सरकारच्या काळात गोळी चालली तर सरकारप्रमुख जबाबदार. त्याच्या मनात काय होतं हे न विचारताही ते म्हणता येतं आणि म्हणायलाच हवं. ‘दोषी’ म्हणायला चौकशी लागते. ‘गोळी घालण्याचाच हेतू होता’ म्हणायला आदेश, त्याची वेळ आणि आधीच्या सूचना लागतात. या तीन पायऱ्या एक केल्या तर एक तोटा होतो : हेतू सिद्ध झाला नाही की समोरचा जबाबदारीतूनही सुटल्यासारखं बोलू लागतो. म्हणून शब्द वेगळे ठेवणं पीडितांच्याच बाजूचं आहे.

कायद्याच्या मराठीत साधारणपणे ‘उद्देश’ म्हणजे ती कृती करण्याची इच्छा, आणि ‘हेतू’ म्हणजे ती इच्छा ज्यामुळे झाली ते. पैशासाठी खून केला, तर मारणं हा उद्देश आणि पैसा हा हेतू. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम ८ हेतू, तयारी आणि आधीचं व नंतरचं वर्तन या गोष्टी एकत्र ठेवतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच कलम ६ मध्ये आहे. मन उघडून बघता येत नाही म्हणून त्याच्या आजूबाजूचं बघायचं. नेत्याबद्दल बोलतानाही हीच वाट धरावी.

हेगडे यांच्यावर लावून बघतो. आधीचं वर्तन : डिसेंबर १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत जनता पक्षाला कर्नाटकात २८ पैकी ४ जागा मिळाल्या, तेव्हा विधानसभेचा कौल शिल्लक असतानाही ते पुन्हा मतदारांपुढे गेले आणि मार्च १९८५ मध्ये २२४ पैकी १३९ जागा घेऊन परतले. ‘हा माणूस खुर्चीला चिकटून राहतो’ या आरोपाविरुद्ध हे जातं. सत्तेचं विकेंद्रीकरण करणारा १९८३ चा पंचायत कायदा आणि त्याखालच्या १९८७ च्या निवडणुका, त्यात स्त्रियांसाठी २५ टक्के जागा, हेही त्याच पारड्यात. नंतरचं वर्तन : ऑगस्ट १९८८ मध्ये फोन चोरून ऐकल्याच्या आरोपांवरून राजीनामा. हे दुसऱ्या पारड्यात. आणि यातलं काहीही मराठी शाळांबद्दलच्या हेतूचा पुरावा नाही. लोक इथेच चुकतात. पंचायतीत चांगला म्हणून भाषेतही चांगला, किंवा सीमाभागात कठोर म्हणून सगळीकडे कपटी. हेतू एका कृतीचा असतो, माणसाच्या अख्ख्या आयुष्याचा नसतो. आयुष्याबद्दल बोलायचं तर ‘स्वभाव’ किंवा ‘दानत’ म्हणा. दानत अरबी ‘दियानत’वरून आली, तिचा ‘दान’शी संबंध नाही, अर्थ माणसाचा मूळचा सचोटीचा कल. ती एका निर्णयावरून ठरत नाही.

निपाणीकर

कुणी शब्द प्रामाणिकपणे वापरतंय की नाही याची सोपी परीक्षा : वाक्य तेच ठेवा, नाव आपल्या बाजूचं घाला. फेब्रुवारी १९६९ मध्ये शिवसेनेने सीमाप्रश्नावर मुंबईत आंदोलन केलं, बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली, शहरात दंगल उसळली. शिवसेनेची स्थापना जून १९६६ ची. म्हणजे संघटना तीन वर्षांचीही नव्हती. ‘सीमाप्रश्न हाती घेऊन संघटना वाढवण्याचा डाव’ हे वाक्य इथे लिहायला हात धजतो का? धजत नसेल, आणि हेगडे यांच्याबद्दल ‘मतांसाठी भाषेचा डाव’ मात्र सहज लिहिलं जात असेल, तर पुराव्याचं माप दोन्हीकडे वेगळं आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. दोन्हीकडे ‘उद्देश’ लिहा किंवा दोन्हीकडे ‘राजकीय फायद्याचा विचार असावा’ लिहा. नेत्याच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी असतात; मराठी माणसाची कळकळ आणि पक्षाची वाढ एकमेकींना खोटं पाडत नाहीत. तेव्हा ‘खरा हेतू’ या शब्दप्रयोगातला ‘खरा’ जवळजवळ नेहमी काढून टाकावा. तो दुसरा हेतू खोटा होता असं परस्पर ठरवून मोकळा होतो.

शहापूरकर

याला एक नेमका शब्द आहे : हेत्वारोप. हेतू आणि आरोप. लोकसभेच्या कामकाज नियमांत, नियम ३५२ मध्ये, सदस्यावर हेत्वारोप करायला मनाई आहे, पण चर्चेच्या विषयासाठी ते अगदी आवश्यक असेल तर सूट आहे. सूट महत्त्वाची, हेतूबद्दल बोलूच नये असा तो नियम नाही. ‘सद्भाव’ही तसाच नेमका. जुन्या दंडसंहितेच्या कलम ५२ नुसार योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेलं किंवा मानलेलं काहीही सद्भावाने केलेलं ठरत नाही. हा नियम नेत्याला लागू होतो तसा त्याच्यावर मत देणाऱ्यालाही.

टिळकवाडीकर

मग ‘दुरुद्देशदिंद’ला काय लिहू? आणि खात्री कमी-जास्त असेल तेव्हा?

खानापूरकर

‘दुरुद्देशदिंद’ला ‘वाईट उद्देशाने’. ‘डाव’ नको, मूळ शब्दात आखणी आणि लपवाछपवी नाही. आणि आरोप कुणाचा ते वाक्यातच ठेवा : ‘हा निर्णय वाईट उद्देशाने घेतल्याचा आरोप अमुक पक्षाने केला.’

खात्रीच्या पायऱ्या क्रियापदाने दाखवा. नेत्याचंच पत्र किंवा भाषण हाती असेल तर ‘उद्देश होता’. आधीची तयारी आणि नंतरचं वर्तन एकाच दिशेने जात असेल तर ‘उद्देश दिसतो’. एकच खूण असेल तर ‘असावा’. फक्त ऐकीव असेल तर ‘म्हणे’ लावून छापू नका, ते वगळा. ‘जाणीवपूर्वक’ टाळा, सामाजिक कामात तो कौतुकाचा शब्द आहे आणि राजकीय बातमीत शिवीसारखा येतो, वाचणाऱ्याला कुठला घ्यायचा कळत नाही. कन्नड ‘कुतंत्र’ला ‘कारस्थान’ चालेल, मात्र त्याआधी ‘कुटिल’ जोडू नका.