पेगी गुगनहाइम : आश्रयदाती की हुशार गिऱ्हाईक?

धंतोलीवाला
काल टपरीवर अर्धवट राहिलेला वाद इथे टाकतोय. आधुनिक चित्रं जमवणारी अमेरिकेची धनिक बाई पेगी गुगनहाइम, तिला 'कलेची आश्रयदाती' म्हणतात, ते मला पटत नाही. बाप १९१२ साली टायटॅनिकसोबत बुडाला, २१व्या वर्षी वारसा हाती आला. नजर मात्र उसनी: यादी इंग्रज समीक्षक हर्बर्ट रीडची, सल्ला फ्रेंच चित्रकार मार्सेल द्युशाँचा. पॅरिसवर जर्मन चालून येत होते, चित्रकार पळायच्या बेतात, आणि बाई रोज एक चित्र या हिशेबाने पडत्या भावात घेत सुटल्या. हा आश्रय?

महालकरीण
पडत्या भावात तरी दुसरं कोण घेत होतं? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने तिचा संग्रह सांभाळायला नकार दिला, जपण्याजोगा नाही म्हणून! मग तिने तो घरसामान म्हणून अमेरिकेला रवाना केला. तिकडे पुढे गाजलेला चित्रकार जॅक्सन पोलॉक तिच्याच काकांच्या संग्रहालयात सुतारकाम करत होता. १९४३ मध्ये तिने महिना १५० डॉलर लावून दिले, तेव्हा हातोडा सुटला.

धंतोलीवाला
लावून कसले, ती उचल होती. विक्री ठरल्या आकड्याला पोचली नाही तर फरकापोटी चित्रं तिची. ऊसतोडीला मुकादम देतो तशी. आणि पोलॉकचं चित्र तिला आधी आवडलंच नव्हतं. डच चित्रकार माँद्रियान त्या चित्रासमोर थबकला, तेव्हा बाईंनी परत बघितलं.

संत्रावाला
काहून भाऊ, दुसऱ्याचं ऐकलं हा गुन्हा हाय का? पैशेवाला माणूस ऐकते, हेच कमी हाय काय!

महालकरीण
उचलीचं म्हणाल, तर आषाढात नागपूरच्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, चक्कर मारा. मंडळाचा बयाणा आला की तणसाचा सांगाडा उभा राहतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आमच्या ओळखीच्या एका मूर्तिकाराने मध्यंतरी गणपती सोडून जात्यावर बसलेली म्हातारी घडवली, मनगटाच्या शिरांसकट. तीन वर्षं ओसरीत पडून आहे, डोक्यावर प्लास्टिक. गणपतीला बयाणा मिळतो हो, म्हातारीला नाही. पेगीने म्हातारीला दिला.

संत्रावाला
मोठ्या कंपन्यांच्या समाजकामाच्या (सीएसआर) त्या २ टक्क्यांत कलाही बसते म्हणे. पण म्हातारीवर कंपनीचा बोर्ड कुठं लावणार राजेहो?

धंतोलीवाला
मुकादम शब्द मागे घेत नाही. शेवटी तिने व्हेनिसचा वाडा आणि संग्रह काकांच्याच फाउंडेशनला देऊन टाकला, तेवढं तिच्या बाजूने धरा.
बाकी, ती म्हातारी केवढ्याला देतो तो?

महालकरीण
आधी बयाणा, मग भाव.