डिसेंबरातले लांब पायांचे कीटक: विंटर नॅट की छोटी क्रेनफ्लाय?

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, सध्या संध्याकाळी ओढ्यावर थवे वरखाली नाचतात. रात्री तेच दिव्याजवळच्या भिंतीवर बसतात. अंग सुमारे ६ मिमी, पंख पारदर्शक, पाय लांब. छातीवर व्ही आकाराची खाच आहे. विंटर नॅट (थंडीत उडणारं डासासारखं चिलट) म्हणून नोंद करू का?

शिवारातली_भिंगरी
खाचेवरून करू नका, ती क्रेनफ्लायलाही (लांब पायांची डासासारखी माशी) असते. थव्यावरूनही नको; पाण्याजवळ कायरोनोमिड चिलटंही असाच नाच करतात. मुळात विंटर नॅट हे थंड प्रदेशातलं कुळ. महिना डिसेंबर आहे एवढ्यावर इथे ते नाव देणं घाईचं.

डोकं वरून बघा, १० पट भिंग पुरेल, २० पट असेल तर उत्तम. विंटर नॅटच्या दोन मोठ्या डोळ्यांमध्ये तीन बारीक साधे डोळे असतात. क्रेनफ्लायला ते नसतात. फसगत इथेच होते: काही क्रेनफ्लायच्या कपाळावर उंचवटा असतो आणि तो उजेडात चमकतो. टॉर्च फिरवा. चकाकी सरकली तर ती नुसती झळाळी. तीन वेगळे मणी जागच्या जागी दिसले तरच 'हो' म्हणा.

मग पंख. मागच्या कडेची शेवटची शीर विंटर नॅटमध्ये आखूड असते आणि एकदम वळून कडेला मिळते. क्रेनफ्लायमध्ये ती लांब, बरीचशी सरळ जाते. दोन्ही खुणा जुळल्या तरच नाव द्या.

निपाणी_कीटक
मादी असेल तर शेपटीचं टोकही बघा: विंटर नॅटमध्ये अंडी घालायची नळी खाली वाकलेली, बहुतेक क्रेनफ्लायमध्ये वर.

नमुना तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग ७० टक्के अल्कोहोलात, एका कुपीत एकच. पाय गळतात, दोन कीटक एकत्र ठेवले तर कुणाचे कुठले ते कळत नाही. एक पंख मुळापासून कापून काचपट्टीवर अल्कोहोलच्या थेंबात पसरा, वर कव्हरस्लिप. शिरा लख्ख दिसतात.

मलप्रभाकाठ
तीन मणी नाहीत. शेवटची शीर लांब, सरळ.

शिवारातली_भिंगरी
मग क्रेनफ्लायच. आता तोंडाजवळच्या मिशीसारख्या अवयवाचा शेवटचा खंड बघा. क्रेनफ्लायची दोन कुळं त्यावरून वेगळी करता येतात: तो चाबकासारखा लांब असेल तर बहुधा टिप्युलिडी, आखूड असेल तर लिमोनिडीची शक्यता जास्त. एवढ्या लहान आकारात लिमोनिडीच निघायची.