खुनी सुरुवातीलाच कळला, तर रहस्यकथेत उरते काय?

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझे रहस्यकथांचे वाचन बाबूराव अर्नाळकरांपासून सुरू झाले. वडील गावच्या वाचनालयातून झुंजार आणि काळा पहाड यांची पुस्तके आणत, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत आम्हा भावंडांना ताटकळत बसावे लागे. पुढे अगाथा ख्रिस्ती वाचली आणि रहस्यकथेची माझी व्याख्या तिथेच पक्की झाली: खून होतो, पाच-सात जणांवर संशय येतो, लेखिका सगळे धागेदोरे आपल्यासमोर ठेवते आणि शेवटच्या प्रकरणात आपण नेमके कुठे चकलो ते दाखवून देते.

गेल्या महिन्यात मुलीने केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचायला दिली. तिच्या सुरुवातीलाच खून आपल्या डोळ्यांसमोर होतो. कोणी मारले, कोणाला मारले, कशासाठी मारले, सगळे कळते, आणि तेही खुनी बाईबद्दल पुरेपूर सहानुभूती वाटेल अशा रीतीने. मी पुस्तक तिथेच मिटले. त्याआधी वाचलेल्या दोन-तीन युरोपीय कादंबऱ्यांत तपास अधिकाऱ्याचा घटस्फोट आणि त्याची बिघडलेली मुलगी यांनीच अर्धी पाने व्यापली होती. मला कुरकुर करायची नाही, समजून घ्यायचे आहे. लेखक उत्तर आधीच सांगून टाकत असेल, तर वाचक शेवटपर्यंत कशासाठी थांबतो?

निशीकसाई

पुस्तक पुन्हा हातात घ्या, अशी आग्रहाची विनंती आहे. शेवट न फोडता कारण सांगण्याचा प्रयत्न करते.

खून कळला हे खरे, पण शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी त्या खुनाचे पुढे काय करतो, ते आपल्याला पूर्ण सांगितलेले नाही. पोलिसांपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे या समजुतीत आपण निर्धास्त होतो आणि लेखक नेमका त्याच निर्धास्तपणाचा उपयोग करून घेतो. कादंबरीत इशिगामी परीक्षेच्या प्रश्नांविषयी बोलतो: वरकरणी भूमितीचे वाटणारे उदाहरण प्रत्यक्षात बीजगणिताचे असते, आणि विद्यार्थी चुकतो तो गणित येत नाही म्हणून नव्हे, तर प्रश्न कोणता आहे हेच त्याने चुकीचे ओळखलेले असते म्हणून. संपूर्ण पुस्तकाची रचना त्या एका बोलण्यात सामावलेली आहे.

मी टोकियोत राहते आणि इशिगामी सकाळी ज्या वाटेने शाळेत जातो, ती सुमिदा नदीकाठची वाट मी मुद्दाम चालून पाहिली आहे. शिन-ओहाशी पुलापासून निळ्या रंगाच्या जुन्या कियोसु पुलाकडे जाणारा हा नदीकाठ आहे. कादंबरीत त्या वाटेवर बेघर माणसांची पाले आहेत, रिकामे डबे चेपणारा एक माणूस आहे, आणि वाटेत ते जेवणाच्या डब्यांचे दुकान आहे, जिथे ती बाई काम करते. पहिल्या वाचनात ही पाने मी केवळ परिसराचे वर्णन म्हणून वाचली. दुसऱ्या वाचनात तीच पाने वाचताना घशाशी आवंढा आला. याहून अधिक सांगत नाही.

तुमचा प्रश्न खुद्द जपानमध्येही विचारला गेला आहे. या कादंबरीला २००६ साली नाओकी पारितोषिक हा तिथला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ‘होनकाकु’ म्हणजे अस्सल कोड्याच्या रहस्यकथेसाठी दिला जाणारा पुरस्कारही मिळाला. तेव्हा रेइतो निकाइदो या रहस्यकथाकारांनी आक्षेप घेतला की, वाचकाला स्वतः उकल करता येईल इतके पुरावे यात दिलेलेच नाहीत, मग हिला होनकाकु म्हणायचे कसे? त्यावरून तिथे मोठा वाद झाला. मला तो आक्षेप पटत नाही, पण तो घेतला गेला हे वाचकाच्या हक्काची किती कदर केली जाते याचे लक्षण आहे.

तर्कतीर

थोडी भर घालतो. खुनी आधी दाखवण्याची पद्धत आजची नाही. आर. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात गुन्हा आधी आणि तपास मागाहून अशा कथा लिहिल्या होत्या.

आणि तुम्हाला प्रिय असलेले कोडेही संपलेले नाही. १९८७ मध्ये युकितो अयात्सुजी यांनी एका बेटावरच्या दहा कोनी घराची कादंबरी लिहिली. तिच्यातली महाविद्यालयीन मुले एकमेकांना पाश्चात्त्य रहस्यकथाकारांच्या नावांनी हाक मारतात. त्यापूर्वी सेइचो मात्सुमोतो यांच्या प्रभावाने जपानी रहस्यकथा सामाजिक वास्तवाकडे वळली होती. या कादंबरीपासून तरुण लेखकांची एक फळीच पुन्हा बंद खोलीतल्या खुनाकडे आणि नकाशांकडे वळली. ख्रिस्तीच्या वाचकाने तिथून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.

चौकट

मला मात्र सामाजिक वास्तवाची बाजू घ्यावीशी वाटते. मी बरीच वर्षे एका बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, आणि मियुकी मियाबे यांच्या १९९२ च्या ‘कशा’ या कादंबरीइतकी त्या कामाच्या जवळ जाणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही. इंग्रजीत ती ‘ऑल शी वॉज वर्थ’ या नावाने मिळते.

पायाला गोळी लागल्याने रजेवर असलेल्या होन्मा या पोलीस अधिकाऱ्याकडे एक नातेवाईक येतो, कारण त्याची होणारी बायको नाहीशी झाली आहे. निमित्त अगदी क्षुल्लक असते: तिच्यासाठी क्रेडिट कार्डाचा अर्ज केला जातो आणि त्या नावाच्या मुलीने पूर्वी दिवाळखोरी जाहीर केल्याचे उघड होते. थोड्याच वेळात असे कळते की हे नाव, हा जन्म, ही कुटुंबनोंद, यातले काहीच त्या नाहीशा झालेल्या मुलीचे नाही. खरी मुलगी कुठे आहे आणि दुसरीचे नाव घेऊन जगण्याची वेळ हिच्यावर का आली, याचा शोध म्हणजे ही कादंबरी. मध्ये एक वकील जवळपास व्याख्यान द्यावे तसे समजावून सांगतो की एक कार्ड फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे, असे करत साधी, हिशेबी माणसे कशी बुडतात. अनेकांना ती पाने कंटाळवाणी वाटतात. मला ती वाचताना माझ्या टेबलासमोर बसून, हप्ता चुकला म्हणून खाली मान घालून बोलणारी माणसे दिसली. त्यांपैकी कोणीही उधळे नव्हते.

तिथे खुनी कोण हे जवळजवळ ठरलेलेच असते. घरासाठी काढलेल्या कर्जाने जिचे कुटुंब उद्ध्वस्त केले, अशी ती एक मुलगी आहे. ती स्वतः कादंबरीत फारशी दिसत नाही, इतरांच्या आठवणींतूनच आपण तिला जोडत जातो, आणि ती सापडावी की निसटावी हे मला शेवटच्या पानापर्यंत ठरवता आले नाही. मी थांबलो तो त्यासाठी.

हिमरेषा

तपास अधिकाऱ्याच्या घरगुती दुःखाबद्दल तुम्ही लिहिलेत, त्यावर बोलते. पुष्कळ कादंबऱ्यांत ते नुसते भरताड असते, हे मान्य आहे. पण आइसलँडच्या आर्नाल्दुर इंद्रिदासोन यांची ‘सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह’ वाचून पाहा. तिला २००५ साली गोल्ड डॅगर हा ब्रिटनमधला रहस्यकथांचा पुरस्कार मिळाला.

सुरुवात लहान मुलाच्या वाढदिवसाच्या गडबडीत होते. जमिनीवर बसलेले एक तान्हे मूल काहीतरी चघळत असते. तिथे आलेला वैद्यकीय विद्यार्थी ते हातात घेऊन पाहतो, तर ते माणसाचे हाड असते. रेक्याविकच्या वेशीवर नवी घरे बांधली जात आहेत, तिथल्या खड्ड्यातून ते आलेले असते. पुरातत्त्वज्ञ आपल्या शिस्तीने, घाई न करता सांगाडा मोकळा करत राहतात, त्यामुळे खुनी तर दूरच, पुरलेले माणूस कोण हेही दीर्घकाळ कळत नाही. दरम्यान दुसऱ्या धाग्यात, अनेक दशकांपूर्वी त्याच टेकडीवर नवऱ्याचा मार खात जगणाऱ्या एका बाईची कहाणी उलगडत जाते. प्रत्येक प्रकरणानंतर मनात एकच प्रश्न येई की मातीखाली ती आहे, तो आहे, की मुलांपैकी कोणी आहे.

आणि एर्लेंदुर हा अधिकारी? लहानपणी हिमवादळात त्याच्या हातातून धाकट्या भावाचा हात सुटला आणि तो भाऊ पुन्हा कधीच सापडला नाही. या कादंबरीत व्यसनाधीन झालेली त्याची मुलगी रुग्णालयात बेशुद्ध पडलेली असते. तिच्याशी बोलत राहा असे त्याला सांगितले जाते, पण काय बोलावे हे त्याला सुचत नाही, आणि अखेर तो तिला आजवर न सांगितलेली त्या भावाची गोष्ट सांगतो. ही पाने काढून टाकली, तर जुन्या सांगाड्यासाठी हा माणूस इतका का झटतो तेच कळणार नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हिगाशिनोंची पहिली पाने पुन्हा वाचली. पहिल्या वेळी नदीकाठचा तो भाग मी झरझर उलटला होता. या वेळी पुलापासून दुकानापर्यंत एकेक वाक्य थांबून वाचले. काय शोधायचे ते अजून कळलेले नाही, पण पुस्तक मिटलेले नाही. मियाबे यांची कादंबरी मुलीकडे आहे, आइसलँडची मागवली आहे.