ओसोफिसान यांच्या 'वन्स अपॉन फोर रॉबर्स'मध्ये भ्रष्टाचार आणि बेकारी यांची वेगळी प्रकरणे करता येतील का?

तिसरीघंटा यांचा प्रश्न

नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी नायजेरियन नाटककार फेमी ओसोफिसान यांच्या 'वन्स अपॉन फोर रॉबर्स' या नाटकावर प्रबंधिका लिहीत आहे. ज्यांनी हे नाटक वाचलेले नाही, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. दरोडेखोरांच्या टोळीच्या म्होरक्याला भर गर्दीसमोर गोळ्या घालून मारले जाते आणि तेथून नाटकाला तोंड फुटते. उरलेल्या चौघांना, म्हणजे हसन, अंगोला, मेजर आणि म्होरक्याची विधवा अल्हाजा यांना, आफा हा मुस्लिम धर्मगुरू एक मंत्रगीत देतो. हे गीत कानी पडले की ऐकणारे गाऊ-नाचू लागतात आणि माल व पैसा जागेवर टाकून घरी चालते होतात. अटी तीन आहेत: गरिबाला लुटायचे नाही, फक्त सार्वजनिक जागीच हात मारायचा आणि कोणाचा जीव घ्यायचा नाही.

माझ्या मार्गदर्शकांनी 'भ्रष्टाचार' आणि 'बेकारी' अशी दोन स्वतंत्र प्रकरणे करण्यास सुचवले आहे. मी तसा आराखडा केला, परंतु जवळजवळ प्रत्येक प्रसंग दोन्हीकडे जाऊन बसतो. सैनिक जप्त केलेली लूट आपसात वाटून घेतात हा भ्रष्टाचार, आणि चौघे चोरीकडे वळतात ती बेकारी, अशी विभागणी केली तर बाजारातील व्यापारी बायकांना कोणत्या प्रकरणात घालावे, हेच कळत नाही. शिवाय शेवटी आफा कृती थांबवून प्रेक्षकांनाच निर्णय विचारतो. हा भाग विषयविवेचनात घ्यावा की केवळ तंत्र म्हणून वेगळा ठेवावा? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

विंगेतून यांचा प्रतिसाद

तुमच्या अडचणीचे उत्तर संहितेतच आहे. दरोडेखोर हसन आणि सैनिकांचा सार्जंट हे सख्खे भाऊ आहेत. एकाच घरातील दोन मुलांपैकी एकाला सरकारी गणवेश मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, एवढाच काय तो दोघांमधील फरक. ज्याला गणवेश मिळाला तो रात्री लुटीचा वाटा घेतो आणि सकाळी त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्याला खांबाला बांधण्याची तयारी करतो. ओसोफिसान यांनी हे नाते निव्वळ भावनिक धक्का देण्यासाठी योजले असते, तर शेवटी अश्रुपाताचा प्रवेश आला असता. तसे काही घडत नाही. दोघे समोरासमोर येतात तेव्हा नाते त्यांच्यातील भांडणाची धार वाढवते, कमी करत नाही. त्यामुळे तुम्ही बेकारी एका प्रकरणात आणि भ्रष्टाचार दुसऱ्या प्रकरणात टाकलात, तर हे दोन भाऊ दोन प्रकरणांत विखुरतील आणि नाटकाचा कणाच हाती लागणार नाही.

आता लूट वाटून घेण्याचा प्रसंग बारकाईने वाचा. मेजर सगळा पैसा एकट्याने घेऊन टोळी सोडायला निघतो आणि सैनिकांच्या हाती सापडतो. पुढे तोच पैसा सैनिकांच्या खिशात जातो, म्हणजे सरकारी कागदावर तो कधी सापडतच नाही. हे प्रसंग मुद्दाम लागोपाठ ठेवलेले आहेत. आधी दरोडेखोर आपल्या सोबत्यांना फसवतो, मग सैनिक आपल्या सरकारला फसवतात, आणि दोन्ही वेळा पैशाची तीच थैली रंगमंचावर असते. दिग्दर्शकाने ती थैली प्रेक्षकांच्या नजरेआड होऊ दिली नाही, तर कोणालाही भाषण करावे लागणार नाही. मेजरच्या फितुरीमुळे आणखी एक गोष्ट साधते. मंत्रगीताचे भाग चौघांत वाटलेले असल्यामुळे एक जण फुटला की सर्वांचीच शक्ती जाते. ज्यांना समाजाने बाहेर टाकले, त्यांच्याकडे एकजूट हेच एक भांडवल होते आणि तेही त्यांनी उधळले, हा आरोप लेखक दरोडेखोरांवरही ठेवतो. म्हणून मला हे नाटक चोरांचे वकीलपत्र घेणारे वाटत नाही.

व्यापारी बायकांचे म्हणाल, तर नफ्याच्या मोहाने आपल्याला नरभक्षक केले आहे, असे त्या स्वतःच गाण्यात सांगतात. येथे लाच नाही, वर्दी नाही आणि बेकारीही नाही, तरीही भाव चढवून गिऱ्हाइकाला नाडणे चालू आहे. माझ्या मते त्यांच्यासाठी तिसरे प्रकरण शोधण्याऐवजी संपूर्ण प्रबंधिकाच 'पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो' या सूत्रावर रचावी. पहिला प्रवेश मृत्युदंडाचा, मग बाजार, मग वाटणी, मग पुन्हा मृत्युदंड, हा क्रम तुम्हाला आयताच मिळेल.

लागोसकर यांचा प्रतिसाद

मी नोकरीनिमित्त काही वर्षे लागोसमध्ये होतो. नाटकाचा अभ्यासक नाही, परंतु पार्श्वभूमीविषयी चार गोष्टी सांगू शकतो, कारण त्यांच्याशिवाय हे नाटक हवेत राहते.

1967 ते 1970 या काळातील यादवी युद्ध संपले, तेव्हा देशात बंदुका भरपूर होत्या आणि हाताला काम नसलेले तरुणही भरपूर होते. सशस्त्र दरोडे वाढले. लष्करी सरकारने 1970 मध्ये वटहुकूम काढून त्यासाठी मृत्युदंड ठेवला, आणि 1971 पासून लागोसच्या बार बीचवर दरोडेखोरांना लोकांसमोर गोळ्या घालण्यास सुरुवात झाली. जत्रेला जावे तशी माणसे ते पाहायला जात. नाटकाचा पहिला प्रवेश तेथून आलेला आहे, त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

त्यानंतर 1973 मध्ये तेलाचे भाव चौपटीच्या घरात गेले आणि सरकारी तिजोरी फुगली. पण तेलविहिरीवर माणसे लागतात किती? पैसा आला तो थेट सरकारकडे आणि तेथून कंत्राटांच्या वाटेने खाली झिरपला, ज्याची ओळख त्याला. दुसरीकडे कोकोसारख्या पिकांची शेती मागे पडली आणि खेड्यांतील तरुण लागोसला येऊन थडकले. त्या काळातील सिमेंटचे प्रकरण प्रसिद्ध आहे. लष्करी राज्यकर्ते जनरल गोवन यांच्या राजवटीत सुमारे दोन कोटी टन सिमेंटची मागणी नोंदवली गेली, बंदराला तेवढा माल उतरवून घेणे केवळ अशक्य होते, आणि 1975 मध्ये शेकडो जहाजे लागोसबाहेर नांगर टाकून थांबण्याचे भाडे वसूल करत उभी होती. ज्या तिजोरीतून हे भाडे जात होते, त्याच तिजोरीकडे किनाऱ्यावरचा बेकार तरुण नोकरीसाठी पाहत होता. त्यामुळे भ्रष्टाचारामुळे बेकारी की बेकारीमुळे भ्रष्टाचार, हा वाद मला तितकासा उपयोगाचा वाटत नाही. राज्य चालवायला जनतेच्या श्रमाची गरजच उरली नाही, की दोन्ही एकाच वेळी वाढतात.

ओसोफिसान यांनी स्वतःही नाटकाच्या टिपणात हेच मांडले आहे. पगाराची रचना पाहा, किमान वेतन पाहा, तेवढे तरी मिळणारे भाग्यवान किती ते मोजा, आणि मग कंत्राटदार, जमिनीचे सट्टेबाज व दलाल यांची उधळपट्टी पाहा, असे ते वाचकाला बजावतात. हे टिपण तुमच्या मार्गदर्शकांना अवश्य दाखवा.

विंगेतून यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. दोन भावांमधील फरक केवळ गणवेशाचा, असे म्हटले की सार्जंटची जबाबदारी हलकी होते. त्याच्या हातात सरकारने बंदूक आणि अधिकार दोन्ही दिले होते. चौघांनी लुटले ते बाजारात, पण सार्जंटने लुटला तो कायदाच.

तिसरीघंटा यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. थैलीच्या सूत्रावर मी आराखडा नव्याने मांडत आहे. लागोसकर काकांचा आक्षेप मला पटतो, तो मी सार्जंटच्या विवेचनात घेईन. मार्गदर्शक 'समकालीन नायजेरियन नाटकांशी तुलना करा' असेही म्हणत आहेत. कोणते नाटक जवळचे ठरेल?

मु_पो_सांगली यांचा प्रतिसाद

तुलनेसाठी नायजेरियाचेच नाटककार वोले सोयिंका यांचे 'ऑपेरा वोन्योसी' घ्यावे. ते डिसेंबर 1977 मध्ये इफे विद्यापीठात रंगभूमीवर आले. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'वर ते बेतलेले असून भिकाऱ्यांचा धंदा चालवणारा अनिकुरा हा त्यातील सूत्रधार म्हणावा असा माणूस आहे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचे हुकूमशहा बोकासा यांच्या सम्राट म्हणून होणाऱ्या राज्याभिषेकाच्या तोंडावर त्या देशात राहणारी नायजेरियन मंडळी सोयिंका यांनी निवडली आणि परक्या भूमीवर उभे राहून मायदेशाच्या तेलाच्या पैशावर कोरडे ओढले. नाटकाच्या नावातील वोन्योसी हे त्या काळी मिरवण्याचे, अतिशय महागडे कापड. डाव्या विचारांच्या तरुण समीक्षकांनी या नाटकावर टीका केली की सोयिंका सर्वांची खिल्ली उडवतात, पण वर्गाचे विश्लेषण करत नाहीत. ओसोफिसान त्याच पिढीचे आहेत. त्यामुळे ही तुलना म्हणजे त्या दोन पिढ्यांमधील खरा वाद आहे, प्रबंधिकेसाठी जुळवून आणलेली जोडी नव्हे. सोयिंका यांच्याकडे भीक मागणे हा एक सुव्यवस्थित उद्योग होतो, म्हणजे बेकारीवरही कोणीतरी कमिशन खातो. ओसोफिसान यांच्याकडे बेकार माणूस उद्योग उभारत नाही, तो थेट बंदुकीसमोर येतो.

मराठी वाचकाला येथे एक गंमत दिसेल. त्याच ब्रेख्तवरून पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' 1978 मध्ये आले, म्हणजे इफेनंतर लगेचच. ओसोफिसान यांचे 'हूज अफ्रेड ऑफ सोलारिन?' हे रशियन लेखक गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'वरून केलेले आहे, आणि तक्रार आयुक्त गावात येणार या धास्तीने हादरलेले स्थानिक अधिकारी हा त्याचा विषय. गोगोलच्याच नाटकावरून पुलंनी 'अंमलदार' लिहिले होते. कोणी कोणाचे वाचले नव्हते, तरी दोन्हीकडे हीच दोन नाटके आपली वाटली. तुमच्या प्रबंधिकेत याला तळटिपेपुरतीच जागा द्या, नाहीतर मूळ नाटक बाजूला राहील.

विंगेतून यांचा प्रतिसाद

मतदानाविषयी राहून गेले होते. ते तंत्र म्हणून वेगळे काढू नका. नाटक 'आलो' म्हणजे नायजेरियातील योरुबा समाजाच्या लोककथेच्या पद्धतीने सुरू होते. कथेकरी साद घालतो आणि प्रेक्षक प्रतिसाद देतात, म्हणजे प्रेक्षकांना पहिल्या मिनिटापासून बोलते केलेले असते. अखेरीस पात्रे जागच्या जागी थिजतात, आफा दरोडेखोरांना मारावे की सोडावे असे विचारतो, आणि लेखकाने दोन्ही निकालांसाठी शेवट लिहून ठेवलेला आहे. जो प्रेक्षक सैनिकांची वाटणी पाहून हसला, त्यालाच आता त्या सैनिकांच्या हाती बंदूक ठेवायची की नाही हे हात वर करून सांगावे लागते. बार बीचवर गर्दीला कोणी विचारत नव्हते.

प्रयोग करणार असाल तर दोन्ही शेवटांची तालीम सारख्याच कसोशीने घ्या. नटांना एक शेवट अधिक पाठ असला, तर आफाचे काम करणारा नट नकळत सभागृहाला तिकडेच ओढतो आणि हात मोजतानाही चलाखी करतो. हात मोजण्याचे काम प्रेक्षकांतील दोघांवर सोपवावे, हे उत्तम.