पाण्याचे दगड सपाट करायला डायमंड प्लेट: १४० घ्यावी की ४००? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी हौसेने सुतारकाम करतो. पटाश्या आणि रंध्याच्या पात्यांना धार लावायला माझ्याकडे १००० आणि ६००० ग्रिटचे जपानी पाण्याचे दगड (पाणी घालून वापरायचे धारेचे दगड) आहेत. ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा; जितका मोठा, तितके कण बारीक. शिवाय धारेचा टवका उडाला तर घासायला २२० चा, सिलिकॉन कार्बाइडचा भरड दगड.

पाण्याचे दगड भराभर कापतात ते झिजतात म्हणूनच, त्याबद्दल तक्रार नाही. पण झीज मधोमध जास्त होते. १००० च्या दगडावर स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला की मध्ये उजेडाची फट दिसते. अशा खोलगट दगडावर पात्याची पाठ घासली की ती फुगीर होते. मग पुढे ६००० वर पाठीचं टोक दगडाला टेकतच नाही आणि धारेवरची बर (घासताना काठावर वळून राहणारी धातूची बारीक कोर) निघत नाही. धारेत माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही सपाट पाठच आहे.

सध्या जाड काचेवर ओला वॉटर पेपर पसरतो, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखतो आणि रेषा पुसल्या जाईपर्यंत घासतो. काम होतं, पण कागद लगेच बोथट होतो, कडेने उचलला जातो आणि दगडाच्या कडा गोल होतात. म्हणून डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली धातूची सपाट प्लेट) घ्यायची आहे. अडतंय ते असं: १४० ची प्लेट ६००० च्या दगडावर खोल चरे पाडेल का? की ४०० च बरी? २२० चा दगडही तिच्यावर घासला तर चालेल का? आणि ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त प्लेटी खरोखर सपाट असतात का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

सपाट करण्यासाठीच घेताय तर १४० घ्या. बारीक दगड आणि बारीक प्लेट, दोन्ही सपाट असले की मधल्या पाण्याने एकमेकांना घट्ट धरून बसतात, ओढून काढावे लागतात. अ‍ॅटोमा या ब्रँडसारख्या प्लेटवर हिऱ्याचे कण ठिपक्यांच्या पुंजक्यांत बसवलेले असतात. मधल्या वाटांतून पाणी आणि चिखल निघून जातो, त्यामुळे हा त्रास कमी. १४० चे चरे ६००० वर दिसतील, पण ते सपाटीच्या खाली असतात आणि पातं टेकतं ते वरच्या सपाटीवर. शेवटचे हात अगदी हलके मारा आणि दगड धुऊन घ्या, म्हणजे भरड कण वर राहणार नाहीत.

२२० चा दगड मात्र त्या प्लेटवर नेऊ नका, हे कळकळीने सांगतो. हिऱ्याचे कण निकेलच्या थरात रुतवलेले असतात. भरड दगडातून सुटलेले कण त्या निकेललाच खरवडतात आणि आधार गेला की हिरा निखळतो. हिरा झिजण्याआधी त्याची पकड सुटते. त्या दगडासाठी काचेवर सिलिकॉन कार्बाइडची सुटी भरड पूड आणि पाणी वापरा. ती काच वेगळी ठेवा, कारण तीही घासली जाते.

स्वस्त प्लेटीत पातळ पत्रा असेल तर तो हाताच्या दाबाने वाकतो. घेतल्यावर लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्णांवर पट्टी धरून उजेड बघा. काचेवर पालथी ठेवून समोरासमोरचे कोपरे दाबा, डुगडुगली तर परत करा.

मूळ लेखक

खूप आभार! निकेलचं कारण समजल्यावर २२० चा प्रश्न मिटला. १४० च घेतो. नवी प्लेट थेट ६००० वर वापरली तर चालेल?

प्रतिसाद

आधी १००० वर वापरा. नव्या प्लेटवर काही कण इतरांपेक्षा वर आलेले असतात, ते बसले की ती एकसारखी कापते. नळाखाली, भरपूर पाण्यात घासा. आणि रेषा पुसल्या गेल्या की त्याच प्लेटने दगडाच्या चारही कडा थोड्या तिरक्या मारा, नाहीतर टोकदार कडेचा तुकडा उडतो.