फोमची फ्लाय गळावर फिरते आणि चिलापी निसटते: बांधणीत काय चुकते आहे?

कोलशेतकर:

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहतो आणि गेले दोन महिने टिटवाळ्याजवळ एका स्नेह्यांच्या शेततळ्यावर, त्यांच्या परवानगीने, फ्लाय रॉडचा सराव करत आहे. तयार फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली किड्यासारखी खोटी आमिषे, महाग पडतात, म्हणून मुलांच्या हस्तकलेसाठी मिळतो तो २ मिमी जाडीचा काळा फोम आणून १० नंबरच्या गळावर भुंग्यासारखी साधी फ्लाय बांधू लागलो. फोमची पट्टी गळाच्या बाकाजवळ बांधायची, पुढे दुमडून नेढ्यामागे पुन्हा बांधायची आणि दोन्ही बाजूंना रबराचे पाय लावायचे, एवढीच ही बांधणी. फ्लाय उत्तम तरंगते, परंतु चार-पाच फेकींनंतर फोम दांड्याभोवती फिरतो, गळाचे टोक आडवे होते आणि फ्लाय कुशीवर पडून राहते. गेल्या रविवारी चिलापीने निदान बारा वेळा फ्लाय ओढली, पण हाती दोनच मासे आले. माझे नेमके काय चुकते आहे? त्याच तळ्यात जलपर्णीच्या कडेला मरळ वर येताना दिसते. तिच्यासाठी हीच फ्लाय चालेल का, आणि पुढे खाडीत जिताड्यासाठी फोमचा उपयोग होईल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

ऐरोलीची भरती:

फोम फिरतो याचे कारण बहुतेक वेळा फोमच्या खाली असते. गळाचा दांडा गुळगुळीत असतो आणि त्यावर थेट फोम बांधला तर दोरा कितीही आवळला तरी पकड येत नाही. आधी नेढ्यामागून बाकापर्यंत दोऱ्याचे वेढे एकमेकांना लागून घ्यावेत, मग विरळ वेढे घेत परत पुढे यावे, म्हणजे दांड्यावर खडबडीत गादी तयार होते. तिच्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा अगदी लहान थेंब टाचणीच्या टोकाने पसरावा आणि तो ओला असतानाच पट्टी ठेवून बांधावी.

आपण शिलाईचा बारीक दोरा वापरत असाल तर तोही बदलावा. असा दोरा जोराने ओढला की फोममध्ये सुरीसारखा शिरतो आणि पट्टी अर्धी कापली जाते, पण वरून ते दिसत नाही. जाड किंवा चपटा दोरा घ्यावा, पहिले दोन वेढे सैल ठेवावेत आणि तिसऱ्या वेढ्याला सावकाश ताण द्यावा. बाकाकडे बांधायचे पट्टीचे टोक कात्रीने निमुळते करून घेतले तर तिथे गाठोडे होत नाही.

आता मासे का सुटतात ते पाहू. माझ्या मते आपली पट्टी रुंद आहे. फोम दुमडल्यावर त्याच्या कडा दांड्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतात आणि गळाचे तोंड, म्हणजे टोक आणि दांडा यांमधली मोकळी जागा, त्यांनी भरून जाते. माशाने फ्लाय तोंडात घेतली तरी टोकाला रुतायला वाव उरत नाही. १० नंबरच्या गळाला ४ मिमी रुंदीची पट्टी पुरते. फोममधल्या हवेच्या कोठड्या बंद असल्यामुळे तो पाणी पीत नाही आणि एवढासा तुकडाही गळाला आरामात तोलतो. पट्टी पुढे आणताना मात्र ती ताणू नये, अलगद दुमडावी. ताणलेला फोम पातळ होतो, त्यातली हवा दबते आणि फ्लाय पाण्यात खोल बसते. पट्टीखाली काळ्या लोकरीचे चार वेढे घेतल्यास पोट भरीव दिसते आणि फोमलाही टेकू मिळतो.

फ्लाय तयार झाली की तळ्यावर नेण्याआधी ती बादलीतल्या पाण्यात वीतभर उंचीवरून दहा वेळा टाकून पाहावी. दहांपैकी आठ-नऊ वेळा गळाचे टोक खाली राहिले तर बांधणी बरोबर आहे, आणि फ्लाय एकाच कुशीवर वळत असेल तर बहुधा त्या बाजूचे पाय लांब किंवा जड झालेले असतात. पाठीवर नारिंगी फोमचा तीळभर तुकडा लावला तर संध्याकाळच्या काळपट पाण्यातही आपली नजर फ्लायवरून हटत नाही.

उल्हासकाठची:

वरचे सगळे पटले. मी माशांकडून सुरुवात करते.

चिलापीचे तोंड लहान असते आणि ती पुष्कळदा शेवाळ व पाण्यातले बारीक जीव खाते. पाठलाग करून झडप घालणे हा तिचा नेहमीचा स्वभाव नाही. ती फ्लायजवळ येते, पाहते आणि ओठांनी चोखून घेते. रबराचे पाय लांब असतील तर ती पायच धरते, आपल्याला ओढ जाणवते, आपण हिसका देतो आणि फ्लाय रिकामी परत येते. आपल्या बारापैकी निम्म्या ओढी तरी अशाच असाव्यात. पाय फ्लायच्या लांबीपेक्षा मोठे ठेवू नका आणि गळ १२ नंबरचा घ्या (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो). फ्लाय पाण्यावर पडल्यावर उठलेली वर्तुळे पूर्ण विरेपर्यंत तिला हात लावायचा नाही. मग दोर बोटभर ओढायचा आणि पुन्हा थांबायचे. एवढे करूनही ती वर येत नसेल तर फोमच्या गळाच्या बाकाला फूटभर बारीक तंगूस बांधून त्याच्या टोकाला १४ नंबरची बुडणारी लहान फ्लाय लावा. फोम मग बुचाचे काम करतो, आणि तो क्षणभर अडखळला तरी रॉड उचलायचा. माझ्या चिलापी अधिक करून या खालच्या फ्लायवरच लागल्या आहेत.

तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेले असतील तर फोमकडून त्यांची फार अपेक्षा ठेवू नका. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात असतो, आणि कटला वरच्या थरात असला तरी त्याचे खाणे पाण्यातले सूक्ष्म जीव हे आहे.

मरळीची गोष्ट निराळी आहे. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ठरावीक वेळाने तिला वर यावेच लागते. जलपर्णीजवळ शांतपणे वर येऊन बुडबुडा सोडून गेलेली मरळ श्वासासाठी आलेली असते, शिकारीसाठी नव्हे, म्हणून त्याच ठिकाणी दहा वेळा फ्लाय टाकून पाणी ढवळू नका. ती कोणत्या दिशेला गेली ते पाहून वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढे, पुढे टाका. तिला भुंगा लहान पडेल. अमेरिकेतील जॅक गार्टसाइड यांनी बसवलेली गर्गलर नावाची बांधणी इथे उत्तम चालते: पट्टी नेढ्याच्या थोडी पुढे काढून तिचा ओठासारखा भाग वर वळवायचा, म्हणजे दोर ओढला की तो पाणी ढकलत गुडगुड आवाज करतो. गळ २ नंबरचा किंवा त्याहून मोठा १/० चा घ्या आणि टोकासमोर जाड तंगुसाचा फास बांधा, म्हणजे फ्लाय जलपर्णीत अडकणार नाही. मरळीला दात असतात, त्यामुळे फ्लायला बांधलेला शेवटचा दोर ०.४० मिमीपेक्षा बारीक नको. तिने फ्लाय घेतल्यावर रॉड वर उचलू नका. डाव्या हाताने दोर सरळ मागे ओढा.

एक कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा गोळ्यासारखा फिरताना दिसला तर त्याच्या खाली पिल्ले राखणारी मरळ असते. ती चिडून कशावरही धावते, म्हणून तिला धरणे सोपे असते. कृपया तिथे फ्लाय टाकू नका, कारण ती गेली की इतर मासे त्या पिल्लांचा फडशा पाडतात.

वाशीकर काका:

जिताड्यापुरते लिहितो. फोमची गर्गलर खाडीतही चालते, परंतु गळ न गंजणारा हवा आणि घरी आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुवावी. ओहोटीला खारफुटीतल्या नाळीतून पाणी उतरू लागते तेव्हा त्याबरोबर लहान बोय आणि कोळंबी बाहेर येतात. त्या तोंडाशी जिताडा उभा असतो. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून फार मोठा मासा लागला तर मी तो सोडून देतो. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आहे, तेव्हा जागा निवडण्यापूर्वी हद्द आणि परवानगी नीट विचारून घ्यावी. आणि फोमचे कातरण खिशात घालून परत आणावे, कारण ते खारफुटीच्या मुळांत वर्षानुवर्षे तसेच पडून राहते.

कोलशेतकर:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चार फ्लाय नव्याने बांधल्या. बादलीत पहिली फ्लाय दहापैकी सात वेळा उजव्या कुशीवर पडली. पाहतो तर उजवीकडचा एक पाय बोटाच्या पेराएवढा जास्त लांब होता. तो कापल्यावर ती नऊ वेळा सरळ बसली. आज सकाळी १२ नंबरच्या गळावर नऊ ओढींत पाच चिलापी मिळाल्या आणि दुपारपर्यंत एकही फोम फिरला नाही. शेवटी जलपर्णीच्या कडेला मरळीने तोच लहान भुंगा घेतला आणि ०.१८ मिमीचा दोर क्षणात तोडला. माझ्या घाईमुळे तिच्या तोंडात गळ राहिला याचे वाईट वाटते. यापुढे जाड दोर आणि टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबलेला गळ लावल्याशिवाय त्या कडेला फ्लाय टाकणार नाही. गर्गलरचा ओठ नेढ्यापुढे किती मिमी काढावा, एवढे ताईंनी सांगितले तर आज रात्रीच बांधायला बसतो.

उल्हासकाठची:

२ नंबरच्या गळाला ८ मिमी ठेवा. बादलीत ओढून पाहा, आणि पाणी ढकलण्याऐवजी फ्लाय बुडी मारत असेल तर कात्रीने एकेक मिमी कमी करत जा.