हर्षेवाडीला कधी जावं?

प्रश्न: नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या पायथ्याचं हर्षेवाडी गाव निवांत बघायचंय. गड नाही चढलो तरी चालेल. कधी जाऊ?

उत्तर: जुलैत जा. माझं आजोळ त्याच डोंगररांगेत. तेव्हा भाताची आवणी चालू असते. मामी पाठीवर इरलं घेऊन गुडघाभर चिखलात वाकलेली, बोटांनी एकेक रोप खोचत जाते. उतारावर नागली, वरई. कुडाच्या भिंतीतून चुलीचा धूर पाझरतो, ब्रह्मगिरी दिवसभर ढगात. आणि मामीची नागलीची भाकरी! नाशकात तशी चव कुठेच मिळाली नाही मला.

दुसरं उत्तर: शनिवार-रविवार टाळा, गडावर फार गर्दी असते.

पहिलेच: बरोबर. बांधावरून जपून चाला, रोपं तुडवू नका. वर्षभराचा भात तोच असतो त्यांचा.